साखरेच्या आवरणामागे लागले आणि थेट डीएनएपर्यंत पोचले, पण ऑस्वाल्ड एव्हरींना नोबेल कधीच मिळालं नाही

डीएनए म्हटलं की आपल्याला पटकन दोन नावं आठवतात. वॉटसन आणि क्रिक. साल १९५३. शाळेच्या पुस्तकातलं ते पीळ घातलेल्या शिडीचं चित्र तर डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पण त्या शिडीकडे बघायला पाहिजे, आनुवंशिकतेची सगळी गोम तिच्यातच आहे, हे सांगितलं कुणी? तर हे त्याच्या नऊ वर्षं आधी न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमधल्या लॅबमध्ये सिद्ध झालं होतं. करणारा माणूस तेव्हा ६६ वर्षांचा होता. अंगकाठी बारीक, डोक्यावर टक्कल, स्वभाव भिडस्त. आणि गंमत म्हणजे त्याला जनुकांशी काही देणंघेणं नव्हतं. तो आयुष्यभर एका जंतूच्या अंगावरच्या साखरेचा अभ्यास करत होता.

त्यांचं नाव ऑस्वाल्ड एव्हरी.

एव्हरींचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ चा, कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातला. वडील इंग्लंडमधून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १८८७ मध्ये वडिलांना न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये बोलावणं आलं आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं. चर्च होतं शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात. म्हणजे खलाशी, दारूचे अड्डे आणि नुकतेच बोटीतून उतरलेले गरीब लोक यांची वस्ती. ऑस्वाल्ड आणि त्यांचा मोठा भाऊ अर्नेस्ट दोघंही कॉर्नेट वाजवायला शिकले. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ म्हणा. रविवारी ही दोन पोरं चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून कॉर्नेट वाजवायची आणि रस्त्यावरच्या लोकांना आत खेचायची.

१८९२ मध्ये मात्र अर्नेस्ट गेला आणि त्याच वर्षी वडीलही गेले. घरात आई, धाकटा भाऊ रॉय आणि १४-१५ वर्षांचे ऑस्वाल्ड. पुढे आयुष्यभर रॉयबद्दलची थोरल्या भावाची जबाबदारी त्यांनी सोडली नाही, आणि या गोष्टीत रॉयचं नाव पुन्हा येणार आहे.

कोल्गेट युनिव्हर्सिटीत त्यांनी शिक्षण घेतलं ते कला शाखेचं. वक्तृत्वात पोरगा हुशार. वडिलांसारखा धर्मोपदेशक होईल असं वाटावं अशी सगळी चिन्हं होती. पण १९०० मध्ये पदवी घेतली आणि ते गेले डॉक्टर व्हायला. १९०४ मध्ये कोलंबियाच्या मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले, तीनेक वर्षं प्रॅक्टिस केली आणि कंटाळले. कंटाळण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. छातीचे जुनाट रोगी समोर येऊन बसायचे आणि डॉक्टरला करण्यासारखं फारसं काही नसायचं.

म्हणून १९०७ मध्ये ते ब्रुकलिनच्या होगलंड लॅबोरेटरीत जंतूंचा अभ्यास करायला गेले. तिथे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ते इतकं छान शिकवायचे की लोक त्यांना प्रोफेसर म्हणायला लागले. पुढे त्याचं 'फेस' झालं आणि शेवटपर्यंत जवळची माणसं त्यांना त्याच नावाने हाक मारत राहिली.

न्यूमोनिया आणि साखरेचा हलवा

१९१३ मध्ये एव्हरी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलमध्ये आले. तिथले प्रमुख रूफस कोल यांनी एकच ध्यास घेतला होता, न्यूमोनियावर सीरम बनवायचं. त्या काळात न्यूमोनिया अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या मारेकऱ्यांपैकी एक होता. धडधाकट माणूस आठवड्याभरात जायचा.

हा न्यूमोनिया करणारा मुख्य जंतू म्हणजे न्यूमोकॉकस. अडचण अशी की न्यूमोकॉकस एक नाही, त्याचे अनेक टाइप आहेत. टाइप १ वर बनवलेलं सीरम टाइप २ च्या रोग्याला दिलं तर उपयोग शून्य. मायक्रोस्कोपखाली मात्र सगळे सारखेच दिसतात. मग शरीराला फरक कळतो कसा?

१९१७ मध्ये एव्हरी आणि त्यांचे मित्र अल्फान्स डोशे यांना एक धागा सापडला. ज्या पाण्यात हे जंतू वाढवले त्यात आणि रोग्यांच्या लघवीतसुद्धा एक पदार्थ विरघळलेला मिळत होता. टाइप १ चा पदार्थ फक्त टाइप १ च्या सीरमशी जुळायचा, टाइप २ चा फक्त टाइप २ शी. म्हणजे जंतूची ओळख या पदार्थात होती.

हा पदार्थ कुठून यायचा? जंतूच्या अंगावरून. न्यूमोकॉकसच्या भोवती जाड, बुळबुळीत आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. आपला संक्रांतीचा हलवा आठवा. आत छोटासा तीळ आणि वरून साखरेच्या पाकाचे थरावर थर. न्यूमोकॉकस साधारण तसाच. या आवरणामुळे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो पकडताच येत नाही, हातातून साबण निसटावा तसा निसटतो. आवरण गेलं की तोच जंतू निरुपद्रवी.

फक्त हलव्यासारखी ती साखरच आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांची खात्री होती की शरीर ज्याला ओळखतं तो पदार्थ प्रोटीनच असणार. एव्हरींनी मायकेल हायडेलबर्गर या केमिस्टच्या मागे लागून त्याला ती भुकटी तपासायला लावली. १९२३ मध्ये उत्तर आलं. पदार्थात प्रोटीन नव्हतंच. ती होती पॉलीसॅकराइड, म्हणजे साखरेचे रेणू एकामागे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. टाइप बदलला की कोणती साखर आणि कशी जोडलेली, हे बदलायचं.

लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही. कुठेतरी थोडं प्रोटीन राहिलं असेल आणि त्याचीच ही करामत असेल, असं म्हटलं गेलं. हा आक्षेप लक्षात ठेवा. वीस वर्षांनी तो दुसऱ्या रूपात पुन्हा येणार होता.

तिसऱ्या टाइपचा न्यूमोकॉकस सगळ्यात जीवघेणा आणि त्याच्यावर सीरमही धड चालायचं नाही. म्हणून एव्हरींचा त्याच्यावर विशेष राग होता. १९३० मध्ये त्यांचा तरुण सहकारी रेने ड्यूबो याने दलदलीच्या मातीतून एक जंतू शोधून काढला, जो टाइप ३ ची साखर खायचा. त्याचं एन्झाइम उंदरांना टोचलं की न्यूमोकॉकसचं आवरण गळून पडायचं आणि उंदीर वाचायचे. माणसांसाठी ते औषध कधी झालं नाही, पण हे एन्झाइम पुढे भलत्याच कामी आलं.

लंडनमधल्या उंदरांनी घोळ घातला

१९२८ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी एक विचित्र प्रयोग छापला.

न्यूमोकॉकसची कधीकधी आवरण बनवायची क्षमता जाते. अशा जंतूंच्या वसाहती बशीत खरबरीत दिसतात, आवरणवाल्यांच्या गुळगुळीत आणि चकचकीत. खरबरीत जंतू उंदराला टोचले तर उंदीर मजेत. गुळगुळीत जंतू गरम करून मारले आणि मग टोचले तरी उंदीर मजेत. ग्रिफिथ यांनी दोन्ही एकत्र टोचले. जिवंत खरबरीत आणि मेलेले गुळगुळीत. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत गुळगुळीत जंतू सापडले!

बरं, नुसतं आवरण परत आलं असं नाही. मूळचा टाइप २ चा खरबरीत जंतू मेलेल्या टाइप ३ च्या संगतीत राहून टाइप ३ चं आवरण घालून बसला होता. आणि त्याची पिल्लं, त्यांची पिल्लं, सगळी टाइप ३.

एव्हरींना हे पटेना. पटणार कसं? टाइप ठरलेले असतात, एकाचा दुसरा होत नाही, या पायावर त्यांचं पंधरा वर्षांचं काम उभं होतं. पण त्यांच्याच विभागातल्या मार्टिन डॉसन यांनी प्रयोग करून बघितला तर तेच झालं. १९३१ पर्यंत डॉसन आणि रिचर्ड सिया यांनी उंदराशिवाय, टेस्ट ट्यूबमध्येच हा बदल घडवून दाखवला. लगोलग जेम्स ॲलोवे यांनी मेलेल्या जंतूंचा नुसता गाळलेला अर्क वापरून तो घडवला. अर्कात अल्कोहोल टाकलं की दाट, चिकट तंतू खाली बसायचे. करामत त्या तंतूंत होती.

पण म्हणजे कशात? या एका प्रश्नाने एव्हरींची उरलेली सगळी वर्षं खाल्ली.

त्यांची तब्येतही याच काळात बिघडली. थायरॉइडच्या ग्रेव्हज आजाराने ते खंगले, ऑपरेशन करावं लागलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. बरीच वर्षं ते डोशे यांच्यासोबत एकाच फ्लॅटमध्ये राहत. सकाळी लॅब, संध्याकाळी घर आणि उन्हाळ्यात मेन राज्यातल्या डियर आयल बेटावर शिडाच्या होडीत फेरफटका. कॉन्फरन्स, भाषणं, परदेशवाऱ्या यांच्यापासून ते लांबच राहायचे.

१९३४ मध्ये कॉलिन मॅक्लाउड हा तरुण डॉक्टर लॅबमध्ये आला आणि त्याने हे काम हातात घेतलं. मधे सल्फाची औषधं आली, सीरमची गरजच कमी झाली, लॅबचं लक्ष तिकडे वळलं. १९४० च्या अखेरीस एव्हरी आणि मॅक्लाउड पुन्हा कामाला भिडले. १९४१ मध्ये मॅक्लाउडला दुसरीकडे नोकरी लागली आणि त्याच्या जागी मॅक्लिन मॅकार्टी आला.

काम सोपं नव्हतं. ७५ लिटर जंतूंचं पाणी घ्यायचं, ते दूधातून साय काढणाऱ्या मशीनसारख्या सेंट्रिफ्यूजमधून फिरवायचं, आणि इतक्या खटाटोपातून हातात यायचा १० ते २५ मिलिग्रॅम माल. एका चिमटीइतकाही नाही. आणि हे सगळं माणूस मारू शकणाऱ्या जंतूंसोबत.

मग त्यांनी एकेका संशयिताला बाद करायला सुरुवात केली.

पहिला संशय साखरेवरच होता. आवरण साखरेचं, मग कदाचित साखरेचा तुकडाच साचा म्हणून वापरला जात असेल. ड्यूबोचं ते दलदलीतलं एन्झाइम टाकलं. साखर गेली, करामत तशीच. प्रोटीन चावून टाकणारी एन्झाइम टाकली. काही फरक नाही. आरएनए तोडणारं टाकलं. तरीही बदल होतच राहिला. मग कुत्र्याच्या आतड्यातून आणि इतर ठिकाणांहून काढलेले असे अर्क टाकले ज्यात डीएनए तोडण्याची ताकद होती.

करामत बंद.

उरलेला शुद्ध पदार्थ वजनाने ६० कोटी भागांत एक भाग इतका पातळ केला तरी काम करत होता. रासायनिक मोजमापं जुळत होती ती डीएनएशी.

हे धक्कादायक का होतं, ते आज चटकन कळत नाही. तेव्हा डीएनए म्हणजे कंटाळवाणा रेणू समजला जायचा. चार प्रकारचे तुकडे, एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा. त्यात माहिती कसली असणार? हा सिद्धांत मांडणारे फीबस लेव्हिन स्वतः रॉकफेलरचेच. जनुकं प्रोटीनचीच असणार यावर बहुतेकांचं एकमत होतं.

मे १९४३ मध्ये एव्हरींनी धाकट्या भावाला, रॉयला, लांबलचक पत्र लिहिलं. रॉय तेव्हा नॅशव्हिलला जंतुशास्त्र शिकवत होता. एव्हरींना रिटायर होऊन त्याच्याजवळ राहायला जायचं होतं, आणि ते का जमत नाहीये हे त्यांना सांगायचं होतं. जो पदार्थ जंतूचा स्वभाव कायमचा बदलतो आणि पुढच्या पिढ्यांत जातो तो डीएनए असावा, तो जनुकासारखा वागतो आहे, हे त्यांनी भावाला मोकळेपणाने कळवलं. आणि अजून खात्री करायची बाकी आहे, आधीच गाजावाजा नको, हेही.

शोधनिबंध १ फेब्रुवारी १९४४ ला जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिनमध्ये आला. नावं तीन. एव्हरी, मॅक्लाउड, मॅकार्टी. भाषा इतकी जपून की घाईत वाचणाऱ्याला आपण काय वाचतोय ते कळूही नये. ग्रिफिथ हे बघायला नव्हते. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ते मारले गेले होते.

मग नोबेल का नाही?

याला एकच एक कारण नाही. सगळ्यात मोठा अडसर घरातूनच आला. रॉकफेलरमधलेच आल्फ्रेड मर्स्की म्हणत राहिले की तुमच्या डीएनएमध्ये एखाद-दोन टक्के प्रोटीन राहिलं असेल आणि खरं काम तेच करत असेल. १९२३ चा आक्षेप पुन्हा हजर. मॅकार्टीने १९४६ पर्यंत डीएनए तोडणारं एन्झाइम शुद्ध करून दाखवलं, त्याचा अगदी किंचित अंश पुरायचा. तरी वाद मिटला नाही.

ज्यांना कळायचं त्यांना मात्र कळलं. अर्विन चार्गाफ यांनी हा निबंध वाचून आपलं सगळं काम डीएनएकडे वळवलं, आणि त्यांनी शोधलेलं तुकड्यांचं प्रमाण पुढे वॉटसन-क्रिक यांना उपयोगी पडलं. जोशुआ लेडरबर्ग यांनीही तो विशीच्या आत वाचला आणि ते जंतूंच्या जनुकांमागे लागले. लेडरबर्ग यांना १९५८ मध्ये नोबेल मिळालं.

एव्हरींचं नाव नोबेलसाठी १९३२ पासून सुचवलं जात होतं, आधी साखरेच्या कामासाठी आणि मग डीएनएसाठी. समितीने वाट बघायचं ठरवलं. १९४५ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं कॉप्ली मेडल मिळालं, १९४७ मध्ये लास्कर पुरस्कार. १९४८ मध्ये ते अखेर रॉयच्या गावाला, नॅशव्हिलला राहायला गेले. १९५२ मध्ये हर्शी आणि चेस यांच्या विषाणूंवरच्या प्रयोगाने उरलेल्या बऱ्याच लोकांची खात्री पटवली, १९५३ मध्ये शिडी सापडली. २० फेब्रुवारी १९५५ ला लिव्हरच्या कॅन्सरने एव्हरी गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

त्या टेस्ट ट्यूबमध्ये नक्की झालं काय होतं?

हे नीट कळायला आणखी काही दशकं गेली. न्यूमोकॉकसच्या डीएनएमध्ये एका ठराविक जागी आवरणाच्या जनुकांचा गठ्ठा असतो. बहुतेक टाइपमध्ये त्यात दहा-वीस जनुकं सापडतात. ही जनुकं स्वतः साखर नसतात. ती एन्झाइम बनवण्याच्या सूचना देतात. एक एन्झाइम साखर तयार करतं, दुसरं ती साखळीत जोडतं, तिसरं तयार तुकडा पेशीच्या बाहेर ढकलतं. जनुकं बदलली की एन्झाइम बदलतात आणि अंगावरचा पाक बदलतो. न्यूमोकॉकसचे अशा पद्धतीने शंभरच्या वर टाइप झालेत. आपला ए, बी आणि ओ रक्तगट याच तत्त्वावर ठरतो, तिथेही लाल पेशीवरची शेवटची साखर कोणतं एन्झाइम लावतं एवढाच फरक असतो.

टाइप ३ चं काम तर दोन जनुकांत उरकतं. एक ग्लुकोजपासून ग्लुक्युरॉनिक आम्ल बनवायला लावतं, दुसरं ही दोन आळीपाळीने जोडत साखळी विणायला. आणि एव्हरींचा तो खरबरीत जंतू? १९९९ मध्ये त्याचा डीएनए वाचला गेला तेव्हा दिसलं की आवरणाच्या गठ्ठ्यातली साडेसात हजार अक्षरंच गायब आहेत. न्यूमोकॉकसला बाहेर पडलेला डीएनए आत ओढून घ्यायची सवय असते. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंची जनुकं सगळ्या टाइपमध्ये सारखीच असल्यामुळे टाइप ३ चा तुकडा त्या रिकाम्या जागी चपखल बसला.

जंतू हे आपल्या नाकाघशातही करतात. अमेरिकेत २००० साली सात टाइपवरची लस आली. त्यानंतर लसीत असलेल्या टाइप ४ च्या काही जंतूंनी लसीत नसलेल्या १९ए चा गठ्ठा उचलून आवरणच बदलल्याचं सापडलं. म्हणून लशीतले टाइप वाढवत न्यावे लागतात.

त्या लशीही एव्हरींच्याच कामातून निघाल्यात. नुसती साखर टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर तिला फारशी दाद देत नाही. एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी १९३१ मध्येच दाखवलं होतं की टाइप ३ ची साखर प्रोटीनला जोडून सशांना टोचली की अँटिबॉडी चांगल्या तयार होतात. आजची न्यूमोकॉकल कॉन्जुगेट लस म्हणजेच पीसीव्ही हीच युक्ती वापरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या न्यूमोसिलमध्ये दहा टाइपची साखर अशीच प्रोटीनला जोडलेली आहे. टाइप ३ मात्र त्यात नाही. ज्या लशींत तो आहे तिथेही तो त्रास देतो, कारण त्याचं आवरण पेशीला पक्कं चिकटलेलं नसतं. ते सुटून रक्तात तरंगत राहतं आणि अँटिबॉडी त्यातच खर्ची पडतात.

सरकारी लसीकरणात पीसीव्ही २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर पोचली. बाळाला ती सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि मग नवव्या महिन्यात बूस्टर म्हणून मोफत दिली जाते.